चपलांची राखण

आमच्या चर्चच्या पायऱ्यांना आता बाजूनं उतरण बांधली आहे. चाकाची खुर्ची वर नेता यावी म्हणून. फीत कापली, टाळ्या झाल्या, चहा झाला आणि दारावर फलक लागला, की विशेष गरजा असलेल्या मुलांचं आणि त्यांच्या कुटुंबांचं इथं मनापासून स्वागत आहे. सगळ्यांत म्हातारी म्हणून मला पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. तरुण पाळकांनी भाषणात सांगितलं, की पूर्वीच्या काळी अशा मुलांकडं मंडळीचं लक्ष नव्हतं. मला हसू आवरेना. शेजारची बाई मला पाणी आणायला धावली. लक्ष नव्हतं कसं? चांगलं लक्ष होतं. माझ्या आईचं तर आमच्या मंडळीनं इतकं स्वागत केलं, की तिला एक पदच देऊन टाकलं.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, जर्मनीची दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची. आमचं गाव मुरुमच्या बाजाराच्या वाटेवर. गावाची वेस एका बाजूला आणि आमची वस्ती वेशीच्या पलीकडं, सांडपाण्याच्या ओढ्याला लागून. गावानं आम्हाला पिढ्यानपिढ्या बाहेरच ठेवलं होतं. आजोबांच्या वेळेला वस्ती ख्रिस्ती झाली, तेव्हा आम्हाला सांगण्यात आलं, की देवाच्या या घरात कुणी बाहेरचं नसतं. वस्तीच्या मधोमध ते घर उभं होतं. मातीच्या भिंती, चुन्याचा हात, वर पत्रा आणि दारापाशी घंटेच्या जागी टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. आम्ही त्याला देऊळच म्हणायचो.

आत भिंतीवर एक रंगीत तसबीर होती. विलायतेहून आलेली. प्रभू दगडावर बसले आहेत आणि त्यांच्या गुडघ्यांभोवती लेकरं जमली आहेत. गोरीपान, सोनेरी केसांची, धुतलेल्या तोंडांची लेकरं. त्यांतल्या एकाचीही लाळ गळत नव्हती आणि एकही ओरडत नव्हतं. त्या तसबिरीकडं बोट करून आमचे पाळकसाहेब वर्षातून निदान दोनदा उपदेश करायचे, की लेकरांना प्रभूकडं येऊ द्या, अडवू नका. उपदेश सुंदर व्हायचा. आणि तो चालू असताना माझी धाकटी बहीण दाराबाहेर लिंबाच्या झाडाखाली आईच्या मांडीवर बसलेली असायची. आत यायला तिला मनाई होती.

बहीण तेव्हा आठनऊ वर्षांची असेल. पायांत बळ नव्हतं, त्यामुळं आई तिला कडेवर घेऊन फिरायची, आणि मग पोर वाढत गेली तशी आई एका बाजूला वाकत गेली. बहिणीला शब्द येत नव्हते. एक हाक मात्र येत होती. लांबलचक, खणखणीत "हाऽऽ". ती हाक कधी निघेल याचा एकच नियम होता. सगळे गप्प झाले, की तिला वाटायचं, आता आपली पाळी. गाणं चालू असताना ती डुलायची, टाळ्या वाजवायची, तोंडभर हसायची. गाणं संपून पाळकसाहेब "आपण शांतपणे प्रार्थना करू" म्हणाले, मंडळीनं डोळे मिटले आणि पत्र्यावरच्या चिमण्यांचा आवाज ऐकू यायला लागला, की "हाऽऽ". वस्तीत तिला सगळे खुळी म्हणायचे. मुरुमच्या बाजारात एक कानडी बोलणारा गुळाचा आडत्या होता. तो तिच्या हातावर गुळाचा खडा लांबूनच टाकायचा, पण हाक मारून टाकायचा. आमच्या देवळात हाकही मारत नव्हते.

तिला बाहेर काढलं ते मोठ्या पंचांनी. ते मुरुमला अमीनसाहेबांच्या कचेरीत चपराशी होते. अमीन म्हणजे त्या वेळचा फौजदार. साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसायचं आणि हाक आली, की आत पळायचं, अशी त्यांची नोकरी. पण आमच्या वस्तीत ते स्वतःच अमीन होते. कुठल्याशा अमीनसाहेबांनी टाकून दिलेले बूट त्यांच्या पायांत असायचे. बूट मोठे होते म्हणून त्यांत चिंध्या कोंबलेल्या असायच्या. रविवारी ते देवळाच्या दाराशी येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं खाकरून, एकेक बूट काढायचे. साऱ्या वस्तीच्या बाप्तिस्म्यानं आमची जेवढी इज्जत वाढली नसेल, तेवढी त्या बुटांनी वाढवली होती.

एका रविवारी प्रार्थनेत ते गुडघे टेकून स्वतः बोलत होते. बोलता बोलता पुढचं वाक्य आठवायला थांबले आणि बहिणीनं ती जागा भरून काढली. पंचांची प्रार्थना तिथंच संपली. उपासना सुटल्यावर ते पाळकसाहेबांना म्हणाले, "इबादतीत खलल पडू लागलाय. ह्येचा काई तरी इंतजाम करा." कचेरीतली उर्दू ते देवळातही आणायचे; खलल म्हणजे अडथळा.

इंतजाम झाला. पाळकसाहेब माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, आणि पगार मिशनकडून यायचा, मान मात्र पंचांकडून घ्यावा लागायचा. ते आईला म्हणाले, "बाई, थोडे दिवस पोरीला घिऊन बाहेर बसा. सावली बी हाय. आतला आवाज ऐकू येतो तुमाला."

आवाज ऐकू यायचाच. पण प्रभुभोजनाचा नुसता आवाज ऐकून कुणाचं पोट भरत नाही.

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, महिन्यातून एकदा व्हायचं. मेजावर पांढरं कापड, त्यावर जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटलीत गव्हाच्या पोळीचे तुकडे आणि पेल्यात मनुका भिजवलेलं पाणी. आम्ही ज्वारी खाणारी माणसं, गहू घरात सणालाही येईल याची खात्री नाही. पण आईला त्या तुकड्याची ओढ लागली होती ती गव्हासाठी नव्हे. लग्न होऊन ती या वस्तीत आली तेव्हा तिला परकी म्हणत होते, आणि पहिल्यांदा ती ताटली तिच्यापुढं आली तेव्हा तिला वाटलं होतं, आता आपण यांच्यातले झालो. हे तिनं मला किती वेळा सांगितलं असेल. बाहेर बसायला लागल्यापासून ती ताटली तिच्यापुढं आली नव्हती. एकदा तिनं पाळकसाहेबांना विचारलं, "साहेब, तुकडा हितं लिंबाखाली आणून दिला तर?"

पाळकसाहेबांनी उंबऱ्याकडं पाहिलं, मग पंचांकडं पाहिलं आणि म्हणाले, "मेजावरलं उंबऱ्याबाहेर नेता येत न्हाय बाई. पवित्र असतंय."

माझे वडील आत ढोलकी वाजवायचे. बायको बाहेर, नवरा आत आणि मधे ढोलकी. त्यांनी या बाबतीत कधी तोंड उघडलं नाही. घरी विषय निघाला, की ढोलकीची दोरी ताणत बसायचे. त्या ढोलकीइतकी ताणलेली ढोलकी तालुक्यात दुसरी नसेल.

अशी काही वर्षं गेली. थोड्या दिवसांचा इंतजाम पक्का झाला. मग एका रविवारी कुणाला न कळवता मोठ्या मिशनहून गोऱ्या मडम आल्या. बैलगाडीतून उतरल्या आणि दाराशी पहिली दिसली ती लिंबाखाली बसलेली आई, तिच्या मांडीवर बहीण, आणि दोघींसमोर मंडळीनं काढून ठेवलेलं पायताण. मी आत बायकांत दाराजवळ बसले होते, त्यामुळं मला सगळं दिसत होतं. मडमना मराठी चांगली यायची, पण पुस्तकात छापल्यासारखी. त्यांनी सामोऱ्या आलेल्या पाळकसाहेबांना विचारलं, "ही बहीण आपल्या लेकरासह बाहेर का बसली आहे?"

पाळकसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इंतजाम म्हणावं तर पंचाईत, खलल म्हणावं तर त्याहून मोठी पंचाईत. आत भिंतीवर ती तसबीर. त्यांची नजर कशाला तरी धरू पाहत होती, ती पंचांच्या बुटांवर जाऊन थांबली.

"चपला राखती, मडमसाहेब," ते म्हणाले. "कुत्री पळवत्यात. लई सेवाभावी बाई हाय."

मडमनी पायताणाकडं पाहिलं. पंचांचे बूट, पाळकसाहेबांच्या चपला आणि दोनचार झिजलेल्या वहाणा. बाकी मंडळी अनवाणीच यायची. त्यांच्या पायांना कुत्रं पळवून नेण्यासारखं काही नव्हतं. मला वाटलं, आता मडम हसतील. पण मडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आत आल्या आणि सगळ्यांसमोर बोलल्या, की प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले होते, आणि या मंडळीतली एक गरीब बहीण इतरांच्या पायताणाची काळजी वाहते. अशा लेकरांना कुठं कुठं घरात कोंडून ठेवतात, पण या मंडळीनं त्या लेकरालाही सेवेत सामावून घेतलं आहे. हे पाहून आपण धन्य झालो. कापणीच्या सणाला आपण पुन्हा येऊ आणि या बहिणीचा सत्कार करू.

मंडळीनं माना डोलावल्या. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की माना डोलावणाऱ्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं. पंचांनी तर डोळे पुसले.

त्या दिवसापासून आई चपला राखणारी झाली. आधी ती नुसती बाहेर होती, आता बाहेर असणं हे तिचं पद झालं. पंचांनी कचेरीतलं मोडकं स्टूल आणून लिंबाखाली ठेवलं. वस्तीतल्या लोकांनी ठरवलं, की उन्हापावसात बाईचे हाल होतात, तर कडब्याचा मांडव घालावा. आत तिला टेकायला हातभर जागा निघत नव्हती, पण बाहेर मांडव घालायला घराघरातून कडबा निघाला. राखणारी आहे म्हटल्यावर राखायला काही पाहिजे, म्हणून लोक उसन्या वहाणा घालून यायला लागले. घरापासून देवळापर्यंत फटक फटक करत यायचं, दाराशी काढून ठेवायच्या, परतल्यावर ज्याच्या त्याला द्यायच्या. माझ्या चुलत्याच्या दोन्ही वहाणा डाव्या पायाच्या होत्या. त्याही आई राखायची.

आमची कीर्ती पसरली. जळकोटच्या बाजूच्या एका गावातले दोन पंच आमचा इंतजाम पाहायला आले. त्यांनी स्टूल पाहिलं, मांडव पाहिला, बहिणीकडं बराच वेळ पाहिलं. त्यांनाही अशी सेवा सुरू करायची होती. पण त्यांच्या मंडळीत ओरडणारं लेकरूच नव्हतं, त्यामुळं त्यांची मोठी अडचण झाली. ते उदास होऊन परत गेले.

आई मात्र स्टुलावर एकदाही बसली नाही, त्यावर पाण्याची घागर ठेवायची. सणाच्या आधी एकदा तिनं पाळकसाहेबांना गाठलं. मी तिच्यामागं उभी होते.

"साहेब, आता तरी आत बसू द्या," आई म्हणाली. "पोर वरडली तर तोंडावर हात ठिवीन. मला ताटलीपुढं बसायचंय."

पाळकसाहेबांना खरंच वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, "आता कसं बाई? मडमसाहेबांनी डोळ्यांनी बघितलंय. तुमी आत बसलाव तर मी खोटा पडतो की. आन् तुमचा तर सत्कार हाय!"

घरी येऊन आई चुलीपुढं बसली आणि रडली. तिला रडताना मी फार कमी पाहिलं. बहिणीला काही कळलं नाही. घरात शांतता झाली म्हणून तिनं हाक मारली, आणि आई रडता रडता हसायला लागली. मला मात्र सगळ्यांचा राग आला होता. तसबिरीतल्या धुतलेल्या तोंडांच्या लेकरांचासुद्धा.

कापणीचा सण आला. देवळात ज्वारीची कणसं बांधली होती, मेजाखाली भोपळे रचले होते, एका म्हातारीनं आणलेली कोंबडी पाय बांधून कोपऱ्यात ठेवली होती. त्याच दिवशी प्रभुभोजनही होतं. मडम आल्या. बाहेर मांडवाखाली वहाणांची रासच लागली होती. गाणी झाली, आणि पाळकसाहेबांनी दाराशी जाऊन आईला सत्कारासाठी आत बोलावलं.

आई बहिणीला कडेवर घेऊन उंबरा ओलांडून आत आली. कितीक वर्षांनी आत येत होती. मेजाजवळ उभी राहिली. मडमनी तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. बहिणीनं लगेच त्यातलं एक फूल तोडून तोंडात घातलं. पंच दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि बरेच बोलले. इंतजाम हा शब्द पुष्कळदा आला. शेवटी टाळ्या झाल्या. टाळ्या बहिणीला आवडायच्या, तिनं सगळ्यांच्या नंतरही वाजवल्या.

टाळ्या संपल्यावर आईनं परत बाहेर जायचं होतं. सगळ्यांनी तिला वाट करून दिली. आईनं त्या वाटेकडं पाहिलं, मग बायकांच्या सगळ्यांत पुढच्या रांगेत सतरंजीवर मांडी घातली आणि बहिणीला मांडीवर घेतलं.

पाळकसाहेब वाकून हळूच म्हणाले, "बाई, चपला उघड्या पडल्यात."

"व्हय," आई मोठ्यानं म्हणाली, "पडल्यात की."

आणि हलली नाही. सगळं देऊळ गप्प झालं. त्या शांततेत, जशी यायला पाहिजे होती तशीच, "हाऽऽ" आली. पत्रा घुमला. कोपऱ्यातली कोंबडी ओरडली. आईनं बहिणीच्या तोंडावर हात ठेवला नाही.

मडम दचकल्या, मग हसल्या. त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं, "या बहिणीला आज विसावा दिला आहे, हे योग्यच झालं. मग आज पायताणाची सेवा कोण करणार?"

एका खोट्यानं पाळकसाहेब इथवर आले होते, त्यांना दुसरं लागलं. आणि पहिल्या वेळेला जिथं नजर थांबली होती, तिथंच दुसऱ्यांदा थांबली. फक्त या वेळी बुटांच्या मालकावर.

"आमच्यात पाळी असती, मडमसाहेब," ते म्हणाले. "आज मोठ्या पंचांची पाळी."

पंच उभे राहिले. त्यांच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मी कधी विसरणार नाही. पण मडम कौतुकानं पाहत होत्या, आणि साहेब माणसानं पाहिलं, की उठायचं, ही सवय त्यांच्या हाडांत होती. ते बाहेर गेले. कचेरीतून स्वतःच आणलेल्या स्टुलावरची घागर खाली ठेवली आणि दाराबाहेर बसले. आठवडाभर तेच करत होते, फक्त रविवारची सुट्टी गेली.

प्रार्थना झाली. बहिणीनं आणखी दोनदा हाक मारली. छत पडलं नाही. वडिलांनी ढोलकी थोडी बायकांच्या बाजूला सरकवली. तेवढंच त्यांचं धाडस, पण त्यांच्या मानानं बरंच होतं.

मग पाळकसाहेबांनी ताटली उचलली. आमच्यात रीत अशी, की पहिला तुकडा मोठ्या पंचांना. पंच तर बाहेर. पाळकसाहेब ताटली घेऊन पुरुषांच्या रांगेपुढं उभे राहिले आणि दुसऱ्या कुणाला पहिला तुकडा द्यायची त्यांची छाती होईना. ते दाराकडं निघाले. भराभर निघाले. उंबऱ्यापाशी आले, एक पाय उचलला आणि तिथंच थांबले. त्यांना आपलंच बोलणं आठवलं होतं. आणि त्यांना आठवलंय हे सगळ्यांना दिसलं. त्यांनी मागं वळून आईकडं पाहिलं.

मीही आईकडं पाहिलं. आता ती बोलेल, सगळं काढेल, असं मला वाटलं. मला तेच हवं होतं.

"न्या की, पाळकसाहेब," आई म्हणाली. "बाहेर बसलं की भूक लई लागती. मला ठावं हाय."

मडमना काही कळलं नाही, त्या हसतच होत्या. पाळकसाहेबांनी ताटली दोन्ही हातांनी धरली. मग ताटली उंबऱ्याबाहेर गेली आणि थोड्या वेळानं परत आली. तिला काहीही झालेलं नव्हतं.

पाळकसाहेब पुरुषांच्या रांगेकडं वळले नाहीत. सरळ आईपुढं येऊन खाली बसले. आईनं तुकडा घेतला, मोडला, आणि निम्मा बहिणीच्या तोंडात घातला. पाळकसाहेब पाहत होते. बहीण झेंडूचं फूल थुंकून चावायला लागली. सगळे गप्प होते, अगदी पूर्ण गप्प, आणि तिचं तोंड भरलेलं होतं.